त्रिरश्मीवरील औत्तराह आणि नाशिकच्या निवडणुका

नाशिक शहराच्या दक्षिणेस, मुंबईच्या रस्त्यालगत जी टेकडी आहे तिला लोक पांडवलेणीं म्हणतात. तेथील लेखांत तिचें नांव 'तिरण्हु', म्हणजे त्रिरश्मि, असें येतें. या टेकडीवरील सतराव्या लेण्यांत एक प्राकृत लेख आहे. धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त यानें आपला पुत्र धर्मरक्षित याच्यासह हें लेणें, त्यांतील चैत्यगृह व पाण्याचीं टांकीं करवून मातापितरांच्या पुण्यार्थ भिक्षुसंघास अर्पण केलीं, असा त्याचा आशय आहे. दात्यानें आपल्या नांवास तीन विशेषणें लाविलीं आहेत. तो 'ओतराह', म्हणजे औत्तराह, उत्तरेकडचा, आहे. तो दत्तामित्री नगरीचा रहिवासी आहे. आणि तो 'योणक', म्हणजे यवन, आहे. आपण या देशीचे नव्हे ही गोष्ट त्यानें लपविली तर नाहींच, उलट तीच प्रथम कोरविली.

या लेखानंतर अठराशेंहून अधिक वर्षें लोटलीं. फेब्रुवारी २००८ मध्यें याच नाशकांतून हजारों औत्तराह, म्हणजे बिहार व उत्तर प्रदेशांतील कामकरी, मिळेल त्या गाडीनें परत जात असतां नाशिकरोड स्थानकावर दिसत होते. ज्या पक्षानें त्यांच्याविरुद्ध हांक दिली होती त्याला पुढच्याच वर्षीं शहरांतील पूर्व, मध्य व पश्चिम हे तिन्ही विधानसभा-मतदारसंघ मिळाले. आणि त्यानंतर आठ वर्षांच्या आंत तोच पक्ष महापालिकेंत १२२ पैकीं ५ जागांवर आला. ही हांक नाशकांत कशी चढली व कशी उतरली, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा विषय या त्रैमासिकाच्या कक्षेबाहेरचा आहे अशी शंका कांहीं वाचकांस येणें स्वाभाविक आहे. आमच्या वाचकांचें प्रेम रुमालांवर, पोथ्यांवर व ताम्रपटांवर. निवडणुकींचीं पत्रकें म्हणजे निव्वळ रद्दी. परंतु शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं घराण्यांच्या माळ्यांवर पडलेलीं दप्तरेंहि रद्दीच समजलीं जात, आणि त्यांतील किती वाण्यांच्या पुड्यांत गेलीं हें आपणांस ठाऊक आहे. शिवाय दोन्ही प्रकारच्या साधनांस लावावयाची कसोटी एकच. लेख कोणीं लिहविला, कोणत्या प्रसंगीं, कोणास ऐकविण्यासाठीं, आणि त्याच विषयावर दुसरा कागद काय सांगतो, हे चार प्रश्न सनदेला विचारावे लागतात तसे पत्रकालाहि विचारावे लागतात.

(१) शब्दांविषयीं

प्रथम शब्दांकडे पाहूं. पेशवाईच्या कागदांत 'परदेशी' हा शब्द येतो तो बहुधा उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या शिपायास वा चाकरास उद्देशून. त्यावरून माणूस कोठला हें कळतें; तो नको आहे असें कळत नाहीं. पुढें हाच शब्द कित्येक घराण्यांचें आडनांव होऊन बसला, आणि परदेशी आडनांवाचीं जीं कुटुंबें नाशकांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत त्यांस आज कोणी परकें म्हणत नाहीं. 'परप्रांतीय' हा शब्द त्या मानानें अलीकडचा. राज्यकारभारासाठीं प्रांतांच्या सीमा आंखल्या गेल्यावरच त्याला अर्थ आला. भाषावार राज्यें झालीं, प्रांत गेले, परंतु शब्द राहिला, व त्याला तक्रारीचा सूर चिकटला.

तिसरा शब्द 'भूमिपुत्र'. त्याचें मूळ अथर्ववेदाच्या बाराव्या कांडांतील भूमिसूक्तांत दाखवितात, कारण तेथें सूक्तकार भूमीस माता व स्वतःस तिचा पुत्र म्हणवितो. हें खरें आहे. परंतु त्याच सूक्तांत पुढें असेंहि म्हटलें आहे कीं, नाना वाणी बोलणाऱ्या व नाना धर्म आचरणाऱ्या जनांस ही भूमि धारण करते. सभेंत पहिलें वाक्य सांगितलें जातें, दुसरें सांगितलें जात नाहीं. संस्कृताच्या अध्यापकानें तरी दोन्ही एकत्र सांगावींत, म्हणून हा उल्लेख केला.

(२) प्रशस्ति आणि दानपत्रें

त्रिरश्मीवरील लेख पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं मुंबई गॅझेटियराच्या नाशिक खंडासाठीं (१८८३) व पुढें फ्रेंच पंडित सेनार यांनीं एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडांत तपासून प्रसिद्ध केले. ते आमच्या वाचकांस परिचित आहेत. येथें त्यांतील परस्परसंबंध तेवढा दाखवावयाचा आहे.

दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई शक उषवदात याचे लेख आहेत. त्यानें गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेविले; पैकीं २,००० दरमहा शेंकडा एक व १,००० शेंकडा पाऊण व्याजानें. पहिल्या रकमेच्या व्याजांतून वर्षावासांत राहणाऱ्या वीस भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं बारा कार्षापण द्यावयाचे होते. हिशेब बरोबर जुळतो : २,००० चें वर्षाचें व्याज २४० व वीस भिक्षूंचे २४०. म्हणजे पैसा बाहेरच्याचा, माग गोवर्धनच्या कोष्ट्यांचे, व त्या दोघांच्या जोडीवर विहाराचा खर्च, अशी ती व्यवस्था होती.

आतां तिसऱ्या लेण्यांत चला. तेथें गौतमी बलश्री हिनें आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णि याची प्रशस्ति नातू पुळुमावि याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षीं कोरविली आहे. शक, यवन व पह्लव यांचा त्यानें संहार केला, क्षहरात कुळ निःशेष केलें व चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, अशी ती थोरवी आहे. परक्यांविरुद्धचा इतका ठसठशीत जाहीर मजकूर या टेकडीवर दुसरा नाहीं. परंतु सातवाहनांविषयींचा दुसरा एक लेख कान्हेरीस आहे. त्यांत वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक वंशांतील, महाक्षत्रपाची कन्या, असल्याचें नमूद आहे. संकर थांबविल्याची ग्वाही देणाऱ्या कुळानें फार काळ न लोटतां क्षत्रपांचीच मुलगी सून म्हणून आणिली, हें यावरून उघड होतें.

याहून महत्त्वाचीं त्याच तिसऱ्या लेण्यांतील दोन राजाज्ञापत्रें. पहिलें गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षींचें. उषवदाताच्या उपभोगांत असलेलें २०० निवर्तनें शेत त्यानें त्रिरश्मीवरील भिक्षूंस द्यावें अशी आज्ञा गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित यास केली. दुसरें पत्र चोविसाव्या वर्षींचें, अमात्य श्यामक यास. त्यांत म्हटलें आहे कीं, कखडी गांवीं पूर्वीं दिलेलें शेत कसलें जात नाहीं व गांवहि वसलेलें नाहीं. सबब त्याऐवजीं नगरसीमेवरील राजकीय शेतांतून १०० निवर्तनें द्यावींत.

शकाला घालविल्याचा डंका प्रशस्तींत आहे. घालविल्यानंतर शेत पडीक व गांव ओसाड राहिल्याची कबुली आज्ञापत्रांत आहे. गांव कां ओसाड पडला तें लेख सांगत नाहीं, आणि लेख सांगत नाहीं तें आपण त्याच्या तोंडीं घालूं नये. परंतु एवढें निश्चित कीं, प्रशस्तीची भाषा एक व अमात्याला लिहावयाच्या पत्राची भाषा दुसरी. राज्य मिळाल्यावर दुसरीच भाषा बोलावी लागते. आमच्या मतें नाशिकच्या अलीकडील इतिहासाची किल्ली या दोन भाषांच्या भेदांत आहे.

(३) मुंबईंतील पूर्वपीठिका

नाशिकच्या घडामोडी समजण्यासाठीं प्रथम मुंबईकडे वळलें पाहिजे, कारण ही हांक तेथून आली. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजीं झालें, त्याच वर्षाच्या ऑगस्टांत बाळ ठाकरे यांचें 'मार्मिक' साप्ताहिक निघालें, व १९ जून १९६६ रोजीं शिवसेनेची स्थापना झाली. कचेऱ्यांतील व कारखान्यांतील नोकऱ्या स्थानिक मराठी माणसास मिळाव्या ही मागणी, व दक्षिणेकडून आलेले लोक हें लक्ष्य, असें त्या आरंभींच्या प्रचाराचें स्वरूप होतें. मराठी तरुणाची बेकारी ही खरी गोष्ट होती, हें येथें सांगितलें पाहिजे. हांक पोकळ असती तर तिला लोक जमले नसते. १९६८ त मुंबई महापालिकेच्या १४० जागांपैकीं ४२ जागा सेनेस मिळाल्या.

परंतु दहा वर्षांनीं, १९७८ त, हें बळ सुमारें निम्म्यावर आलें. १९८५ त सेनेला मुंबईंत सत्ता मिळाली ती दाक्षिणात्यांच्या प्रश्नावर नव्हे, तर मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जाईल या भयावर. पुढें १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीपासून पक्षानें हिंदुत्वाचा पुरस्कार उघडपणें आरंभिला, आणि १९९५ त राज्याची सत्ता भाजपच्या जोडीनें आली. १९६६ तील लक्ष्य जो दाक्षिणात्य, तो तोंपर्यंत प्रचारांतून जवळजवळ लुप्त झाला होता. तो मुंबई सोडून गेला होता काय? नाहीं. तो तेथेंच होता, आणि त्याचें उपाहारगृहहि तेथेंच होतें. हांक मात्र विरली होती. नाशकांत २००९ नंतर जें झालें त्याचा पूर्वपाठ मुंबईनें असा आधींच गिरवून ठेविला होता.

(४) नाशिक : २००८ ते २०१७

नाशिक हें क्षेत्राचें गांव. येथें तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत हिंदुस्थानांतील बहुतेक प्रांतांचीं कुळें नोंदलेलीं आहेत, व सिंहस्थांत दर बारा वर्षांनीं सारा देश गोदेकांठीं उतरतो. परंतु यात्रेकरू येतो व जातो. कामकरी येतो व राहतो. इंग्रजी अमदानींत १९२० नंतरच्या दशकांत नाशिकरोडला सरकारी छापखाने आले, १९६४ त ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूर व अंबड येथें औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. शहराची लोकसंख्या २००१ त १०.७७ लक्ष होती ती २०११ त १४.८६ लक्ष झाली. या वाढींत खेड्यांतून आलेला मराठी माणूस होता, खानदेशांतला होता, विदर्भ-मराठवाड्यांतला होता, व उत्तरेकडचाहि होता.

राज ठाकरे यांनीं शिवसेना सोडून ९ मार्च २००६ रोजीं महाराष्ट्र नवनिर्माण सेना काढली. फेब्रुवारी २००८ च्या आरंभीं मुंबईंत उत्तर भारतीयांविरुद्ध मारहाणीचे प्रकार सुरू झाले व त्यांची आंच लगेच नाशिकास लागली. टपऱ्या मोडल्या, टॅक्सीवाले व फेरीवाले यांस मार बसला. त्याच महिन्यांत बसवर झालेल्या दगडफेकींत ओझरच्या कारखान्यांतील एका कर्मचाऱ्याचा मृत्यु झाला; तो स्वतः मराठी होता. हजारों कामकरी शहर सोडून गेले, व सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आणि बांधकामांवर माणसें कमी पडूं लागलीं.

आम्ही त्या वेळीं एका मराठी शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. आमच्या वर्गांत घरीं भोजपुरी किंवा हिंदी बोलणारीं सात मुलें होतीं. त्या आठवड्यांत त्यांतील पांच आलीं नाहींत. मार्चअखेर तीन परत आलीं; उरलेल्या दोघांच्या नांवापुढें हजेरीपटांत 'गांव सोडलें' असा शेरा आम्हीं आपल्या हातानें लिहिला. त्यांपैकीं एकाचीं शब्दरूपें वर्गांत सर्वांत चोख असत. कां सोडलें, तें आम्हीं लिहिलें नाहीं. हजेरीपटांत तेवढी जागा नसते, असें आम्हीं तेव्हां मनाशीं म्हटलें; खरें पाहतां जागा होती, लिहिण्याचें धाडस नव्हतें. कखडी गांव वसत नाहीं एवढेंच लिहून थांबणाऱ्या त्या लेखकाची आठवण आम्हांस पुढें अनेक वेळां झाली.

आतां निवडणुकींचे आंकडे पाहूं. २००९ च्या लोकसभा निवडणुकींत नाशकांत मनसेचे उमेदवार हेमंत गोडसे दुसऱ्या क्रमांकावर राहिले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत विधानसभेच्या २८८ पैकीं १३ जागा या पक्षास मिळाल्या. त्यांत मुंबईंतील सहा व नाशिकच्या तीन. नाशिक मध्य येथून वसंत गिते, पूर्व येथून उत्तमराव ढिकले व पश्चिम येथून नितीन भोसले निवडून आले. फेब्रुवारी २०१२ त महापालिकेच्या १२२ पैकीं ४० जागा जिंकून हा पक्ष सर्वांत मोठा ठरला, व भाजपच्या साह्यानें यतीन वाघ हे महापौर झाले. राज्यांत दुसऱ्या कोणत्याहि मोठ्या शहरीं या पक्षास महापौरपद मिळालें नाहीं. हा मान नाशिकचा.

उतरणीचे आंकडेहि तितकेच स्पष्ट आहेत. २०१४ त हेमंत गोडसेच लोकसभेस निवडून आले, परंतु शिवसेनेतर्फे. त्याच वर्षीं विधानसभेंत मनसेच्या नाशिकच्या तिन्ही जागा भाजपकडे गेल्या व साऱ्या राज्यांत एकच जागा हातीं उरली. २०१७ त महापालिकेंत भाजपला ६६ जागा व मनसेला ५. विधानसभेंत २०१९ त पुनः एकच जागा, व २०२४ त एकहि नाहीं. राज्यांतील मतांचें प्रमाण २००९ त सुमारें पावणेसहा टक्के होतें, तें २०२४ त दीड टक्क्याच्या आसपास आलें.

(५) कारणमीमांसा

हांक विरण्याचीं कारणें आमच्या मतें चार आहेत.

पहिलें कारण अधिकाराचें. भारतीय राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदान्वयें नागरिकास देशांत कोठेंहि जाण्याचा व राहण्याचा हक्क आहे. १६ व्या अनुच्छेदानें सरकारी नोकरींत जन्मस्थान वा निवास यांवरून भेद करण्यास बंदी आहे, आणि निवासाची अट घालावयाची तर तो अधिकार संसदेचा आहे. मग महापालिका हातीं आली तरी या प्रश्नीं ती काय करणार? तिच्या हातीं पाणी, गटारें, रस्ते, दिवे, घरपट्टी. २०१२ त निवडून आलेल्या नगरसेवकास दुसऱ्या दिवशीं सकाळीं दारांत जो मतदार भेटला त्यानें नळाचें विचारलें, बिहारचें नव्हे. प्रशस्ति संपून अमात्याच्या पत्राचा काळ सुरू झाला होता.

दुसरें कारण कामाचें. २००८ त कामकरी गेल्यावर त्यांच्या जागीं दुसऱ्या दिवशीं मराठी तरुण उभा राहिला असें झालें नाहीं. ओतशाळेंतील भट्टी, बांधकामावरील पाटी, रंगाऱ्याचा झुला हीं कामें ज्या मजुरीवर केलीं जात त्या मजुरीवर स्थानिक मनुष्य सहसा येत नव्हता. नोकरीविषयींची त्याची तक्रार खरी होती, परंतु त्याला हवी असलेली नोकरी वेगळी होती. ती कायम पगाराची होती, आणि तशा नोकऱ्या कारखान्यांतून कंत्राटदारीमुळें कमी होत होत्या. औत्तराहास घालवून ती परत येणार नव्हती. गेलेले लोक यथाकाल परत आले, नवेहि आले, आणि हें शहरानें पाहिलें.

तिसरें कारण मतदार-यादीचें. जो दहा-वीस वर्षें राहिला त्याचें नांव यादींत चढलें. ज्या हांकेनें एका बाजूचीं मतें मिळत त्याच हांकेनें दुसऱ्या बाजूचीं गमवावीं लागत, आणि ही दुसरी बाजू दर निवडणुकीस वाढत होती. हांक देणाऱ्यांसहि तें उमगलें. २ डिसेंबर २०१८ रोजीं राज ठाकरे यांनीं कांदिवली येथें उत्तर भारतीयांच्या मेळाव्यांत जाऊन हिंदींतून आपली बाजू मांडली. २३ जानेवारी २०२० रोजीं पक्षाचा झेंडा बदलून भगवा झाला व हिंदुत्वाचा सूर लागला. १९८७ नंतर मूळ सेनेनें जो मार्ग धरिला तोच हा.

चौथें कारण मोठ्या लाटेचें. २०१४ त साऱ्या देशभर उठलेल्या लाटेंत प्रांतापुरता प्रश्न बुडाला. ज्या मतदारास बदल हवा होता त्याला २००९ त व २०१२ त नवा पक्ष हें साधन वाटलें; २०१४ त दुसरें, अधिक बलवान्, साधन समोर आलें. यावरून एक गोष्ट उलटीहि समजते : २००९ तील सर्वच मतें परप्रांतीयांच्या द्वेषाचीं नव्हतीं. तिन्ही मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेनें नव्यानें आंखलेले होते, जुन्या पुढाऱ्यांचीं ठाणीं मोडलीं होतीं, आणि लोक जुन्या पक्षांस कंटाळले होते. हांकेस जेवढें यश आलें तेवढें सर्व हांकेचें नव्हे, हें तिच्या कर्त्यांनीं व विरोधकांनींहि ध्यानांत घेतलें नाहीं.

येथें न्यायासाठीं एक गोष्ट नमूद केली पाहिजे. २०१७ त या पक्षानें नाशकांत जो प्रचार केला तो बहुतांशीं केलेल्या कामांचा होता. गोदाकांठचें उद्यान, शस्त्रसंग्रहालय, आणि त्रिरश्मीच्या पायथ्याशीं टाटा न्यासाच्या साह्यानें उभें केलेलें नेहरू वनोद्यान यांचीं चित्रें सभांतून दाखविण्यांत आलीं. मागल्या नऊ वर्षांतील त्यांचा हा सर्वांत शहाणा प्रचार होता, आणि त्यांतच ते सर्वांत सपाटून हरले. कारण त्याच वेळीं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं नाशिक दत्तक घेण्याची भाषा केली, व हातीं असलेल्या बागेपेक्षां मतदारांस राज्याच्या तिजोरीची आशा मोठी वाटली. हांकेनें मिळालेला मतदार कामानें राहील असा नियम नाहीं. कामाची कसोटी एकदां लागली कीं मग अधिक काम करूं शकणारा कोण, याच प्रश्नावर मत पडतें.

(६) एक आक्षेप

हांक विरली असें म्हणणें उतावीळपणाचें आहे, असा आक्षेप येईल. १६ एप्रिल २०२५ रोजीं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा ठेवण्याचा शासननिर्णय निघाला. त्यावर महाराष्ट्रांत एवढें वादळ उठलें कीं २९ जूनला सरकारास माघार घ्यावी लागली, व ५ जुलै रोजीं वरळी येथें ठाकरे बंधु बऱ्याच वर्षांनीं एका व्यासपीठावर आले. त्याच सुमारास मीरा रोड येथें मराठी न बोलण्यावरून एका दुकानदारास मारहाणहि झाली.

आक्षेपांत तथ्य आहे, परंतु दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. आपल्या मुलाला कोणती भाषा कोणत्या इयत्तेंत शिकवावी हा प्रश्न शासनाच्या आज्ञेविषयींचा आहे, आणि त्यांत विरोध करणारे सर्व लोक औत्तराहाचे शत्रू नव्हते; जन्मभर भाषा शिकविलेले आमच्यासारखे कित्येक त्यांत होते. दुकानदारास मारणें हा प्रश्न शेजाऱ्याविषयींचा आहे. पहिल्यांत मराठी माणसाचा विजय झाला तो युक्तिवादानें व एकीनें झाला. दुसऱ्यानें कोणाचीहि मराठी सुधारली नाहीं. तरीहि हांक मेली असें आम्ही म्हणत नाहीं. ती झोंपते, लक्ष्य बदलते, पुनः उठते. दाक्षिणात्य गेला, औत्तराह आला. औत्तराहानंतर आणखी कोणी येईल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, सत्ता हातीं आल्यावर तिच्यानें शेत कसलें जात नाहीं, आणि हें लोकांच्या ध्यानांत येण्यास मुंबईस दहा वर्षें व नाशिकास त्याहूनहि कमी काळ लागला.

(७) संग्राहकांस विनंति

शेवटीं संग्राहक मित्रांस एक विनंति. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, याच्या १२७-अ कलमान्वयें निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव-पत्ता छापावा लागतो. पोथीच्या शेवटीं पुष्पिका असते तशीच ही पुष्पिका आहे. कागद कोणाचा व कोठला हें ठरविण्यास याहून सोपें साधन नाहीं. तरी अशीं पत्रकें हातीं येतांच मागील बाजूस शिसपेनीनें दिनांक व प्रभाग लिहून तीं वर्षवार रुमालांत बांधून ठेवावींत. एका पक्षाचींच नव्हे, सर्वांचीं ठेवावींत. आणि ज्यांत शिव्या आहेत तीं अधिक काळजीनें ठेवावींत, कारण पुढें नाकारलीं जाणार तीं तींच. त्यांच्या जोडीला शाळांचे हजेरीपट, कारखान्यांचे हजेरीबूक, भाड्याच्या खोल्यांच्या पावत्या, हेंहि साहित्य जमवावें. प्रशस्ति दगडावर कोरली जाते, ती राहतेच. ओसाड पडलेल्या गांवाची नोंद राहीलच असें नाहीं.

आमच्या हातून राहिलेली नोंद आम्ही येथें पुरी करतों. फेब्रुवारी २००८ त त्या दोन मुलांनीं गांव सोडलें तें आपखुषीनें नव्हे. मार बसेल या भीतीनें त्यांचे आईबाप त्यांस घेऊन गेले. मुलें परत आलीं नाहींत. इंद्राग्निदत्ताचीं टांकीं मात्र टेकडीवर अजून आहेत.